अर्जातला तो रकाना

मंगळवार, संध्याकाळ. बेहाला

'पूर्वी शिक्षा झाली आहे का?' शाळेच्या नोकरीच्या अर्जातल्या या रकान्यापाशी हात अडतोय. बारा वर्षांपूर्वी नागपूरला, पाण्याच्या भांडणात मी शेजारणीला बादली मारली. तिचं डोकं फुटलं. मला दोषी ठरवून कोर्टाने चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं.

हे म्हणतात, "इथे कोलकात्यात कोण बघतंय? 'नाही' लिही." वकीलबाई म्हणाल्या, "लपवलंत तर फसाल. हमीवर सुटलात, तेवढ्यावरून अपात्र ठरत नाही. निकालाची प्रत जोडा."

मग भीती कसली?

शेवटी त्या रकान्यात 'हो' लिहिलं. लेकीने मागून वाचलं. "आई, तू काय केलं होतंस?" सगळं सांगितलं. जरा वेळाने तिने विचारलं, "ती काकू बरी झाली?"

बारा वर्षांत मी हे कुणालाच विचारलं नव्हतं.