आत येण्यास सक्त मनाई

३ जानेवारी
जमीन खरी कितीला पडली, ते स्वतःपुरतं मांडून ठेवतो. खरेदीखतातला आकडा सोडा. त्याशिवाय: गाडीचे दोन टायर, कायमची धरलेली कंबर, एजंटचं न संपणारं चहापाणी आणि बायको.
बायको लेकीकडे गेली आहे. तात्पुरती. म्हणाली, मला न विचारता घेतलीत ना, आता मला न विचारता राहा तिथे. बोलण्याला धार आहे. इतकी वर्षं माझ्या सहवासात काढल्याचा परिणाम.
जागा नीट झाली की येईल. शेजार नाही, आवाज नाही. म्हातारपणी माणसाला आणखी काय लागतं?

९ जानेवारी
जमिनीतून आरपार पायवाट! नकाशात नाही. एजंटला झापलं. तो म्हणाला, साहेब, वाट पहिल्यापासूनची आहे, मी सांगणार होतो, पण तुम्हीच बोलत होतात.
झाडाखाली (माझ्या) एक शेळीवाला जेवत होता. त्याने मलाच विचारलं, कोणाकडे आलात? मी म्हटलं, मी मालक. तर म्हणे, बरं झालं, या, बसा. पाणी दिलं. प्यालो. तत्त्व वेगळं, तहान वेगळी.
पण हे चालणार नाही. मी शून्यातून रोलिंग शटरचा धंदा उभा केला. बाजारातली निम्मी दुकानं माझ्या शटरमागे निर्धास्त झोपतात. त्यात माझे कान. शटर ओढल्याच्या आवाजावरून कुठली पट्टी वाकलीय ते सांगतो. ही जिना चढू लागली की चपलांवरून कळतं, आज बोलणार की अबोला. हजार बायकांत ओळखीन.

१८ जानेवारी
बोर्ड लावला. लाल अक्षरं: खाजगी मालमत्ता. आत येण्यास सक्त मनाई.

२१ जानेवारी
बोर्डवर शेळीवाल्याचा टॉवेल वाळत होता.
गवत कापणाऱ्या दोघी बांधावर बसल्या होत्या. लांब होत्या, पण कान आपले तयार. एक म्हणाली, हाच तो, एकटाच बडबडत फिरतो. दुसरी म्हणाली, बायको नसेल का गं याला? पहिली म्हणाली, असेल की, पण इथे कशाला येतेय.
अडाणी आहेत.

२ फेब्रुवारी
तारेचं कुंपण पूर्ण. गेट आपल्याच वर्कशॉपमधलं, एक नंबर. हेड कारागिराने विचारलं, काकूंसाठी दुसरी चावी करू का? म्हटलं, काकू माझ्याबरोबरच गाडीतून येणार. चावी एकच बरी. सिक्युरिटी.

५ फेब्रुवारी
लेकीला फोन केला तर पलीकडे हीच! फोन तिने उचलला, म्हणजे बर्फ वितळतोय. करमतं का, म्हणाली. म्हटलं, न करमायला काय झालं, मी हल्ली जवळजवळ तिकडेच असतो. (दुकानातून बोलत होतो.) मग तिने विचारलं, कोणी येतं-जातं का हो तिकडे? मी छाती ठोकून सांगितलं, चिटपाखरू फिरकत नाही.
तिने फोन लेकीकडे दिला. समाधान वाटलं असणार.

१२ फेब्रुवारी
तार वाकवून कोणीतरी गेलं! झाला तेवढा चांगुलपणा बस. गेटवर कॅमेरा बसवला. कॅमेरेवाला म्हणाला, मोबाइलवर दिसेल, ऐकू येईल आणि तुम्हाला दुकानात बसून बोलताही येईल. बोलता येईल म्हटल्यावर लगेच घेतला.

१४ फेब्रुवारी
दिवसभर मोबाइलमधून शेळ्यांच्या घंटा. गिऱ्हाइकं हसतात. आवाज बंद करून टाकला. ऐकायचंय कोणाला, बोलायचं तर मला आहे.

१९ फेब्रुवारी, दुपार
रंगेहाथ पकडली!
एक बाई. उन्हाने डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, चेहरा सावलीत, हातात भली मोठी पिशवी. म्हणजे गवत न्यायची पूर्ण तयारी. गेट हलवलं, कुलूप ओढून पाहिलं, तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. मी बटण दाबून दणदणीत सुनावलं: बाई, ही खाजगी जागा आहे, तुमचं इथे काही काम नाही, चालत्या व्हा! कारागीर हातातलं काम टाकून ऐकत उभे.
बाईने पिशवी खाली ठेवली. बराच वेळ कॅमेऱ्याकडे बघितलं. मग पिशवी उचलून गेली.
पुन्हा येण्याची हिंमत होणार नाही.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळ
हिला बातमी द्यायला फोन केला. बंद. चार्जिंग करत नाही, जुनी सवय.

२० फेब्रुवारी
लेकीचा फोन. बाबा, तुम्ही आईला काय बोललात? मी म्हटलं, भेटच नाही तर बोलणार काय? ती म्हणाली, काल कपडे भरून, दोन बस बदलून तुमच्याकडे राहायला आली होती. म्हणाली, माणूस एकटा राहतोय तिकडे, मीच जाते. रात्री परत आली. जेवली नाही. विचारलं तर एवढंच म्हणते, जागा छान आहे, बंदोबस्त चांगला केलाय.
जागा चुकली असणार. शेजारच्या गेटवर गेली असणार.
शेजारी गेट नाही.

२१ फेब्रुवारी
कॅमेरेवाला म्हणाला, मोबाइलवर बंद केलात तरी आवाज रेकॉर्ड होतोच. रेकॉर्डिंग लावून दिलं.
आधी नुसत्या चपला. दगडगोट्यांतून दमत, थांबत आलेल्या. एवढंच पुरे होतं.
मग लांबून शेळीवाला म्हणतो, हेच गेट ताई, आत असतील यजमान. मग ही म्हणते, अहो, मी आलेय. कुलूप वाजतं. अहो, उघडता ना?
मग मी. सगळं भाषण, पहिल्यापासून.
नंतर बराच वेळ घंटा. शेवटी ती म्हणते, बरं.

२२ फेब्रुवारी
लेकीच्या दारात उभा राहिलो. जावयाने आत घेतलं. ही बाहेर आली नाही. दाराआडून मी सगळं सांगितलं: कॅमेरा, पदर, पिशवी, घंटा. बोलून संपल्यावर लेक म्हणाली, बाबा, आई मघाशीच मागच्या दाराने बाजारात गेली.

६ मार्च
बोर्ड काढला. कॅमेरा काढला. दुसरी चावी करून लेकीकडे पाठवली. गेट सताड उघडं टाकून झाडाखाली बसलो. पाण्याचे दोन तांबे भरून ठेवले होते. शेळीवाला हल्ली टेकडीला वळसा घालून जातो, घंटा लांबून ऐकू येतात.
अंधार पडेपर्यंत बसलो. चिटपाखरू फिरकलं नाही.