आठवी लेन

६ जानेवारी
आज रुजू झाले! विद्यापीठाच्या मैदानाला पंचवीस वर्षं होताहेत. त्याचा इतिहास लिहून स्मरणिका काढली, की नोकरी कायम. स्टेडियमच्या मागेच खोली मिळाली. लाल ट्रॅक, पलीकडे खाडी. लेक अक्षता इथेच शिकते, धावतेही. ती तर हरखूनच गेली. मैदान सांभाळणारे शिवाकाका म्हणाले, की इथे पूर्वी त्यांच्या गावाचं मिठागर होतं. आम्हा सातारकरांना मीठ पुडीतलंच ठाऊक.

११ जानेवारी
शर्यतींच्या जुन्या वह्या चाळल्या. दर यादीत आठव्या लेनपुढे नुसती रेघ. पहिल्या वर्षी तेवढं एक नाव आहे, गोजरा. काकांना विचारलं, ती त्यांची धाकटी बहीण. मिठागरातला एक वाफा गाव देवीसाठी सोडून द्यायचं, त्यात कुणी पाय ठेवत नसे. आठवी लेन नेमकी त्यावर आली. शर्यत संपली तरी गोजरा थांबली नाही. पाचव्या दिवशी पळता पळताच गेली. तेव्हापासून काका त्या लेनवर मूठभर मीठ ठेवतात आणि तिथे कुणाचं नाव लिहू देत नाहीत. गोष्ट झकास आहे, स्मरणिकेत घालणार.

१८ जानेवारी
उद्या स्पर्धा. यादी मी लिहिली. रिकामा रकाना मला बघवत नाही, स्वभावच तसा. आठव्यात अक्षताचं नाव घातलं. काकांनी दोनदा विनवलं, मी ऐकलं नाही.

१९ जानेवारी
अक्षता पहिली आली. मी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. ती थांबेना; वाटलं, आनंदाने पळतेय. सातव्या फेरीला माझ्यासमोरून जाताना म्हणाली, “आई, पाय थांबत नाहीयेत.”

२० जानेवारी
चौघांनी धरून दवाखान्यात नेलं. इंजेक्शनने डोळे मिटले, पाय चालूच. पट्टे तोडून परत ट्रॅकवर. तळवे मिठाने पांढरे. हे मी केलं. मीच.

२१ जानेवारी
नाव खोडलं. पान फाडलं. जाळलं. काही नाही— काका रडत होते. गावच्या भगताने गोजराच्या वेळीच सांगितलं होतं म्हणे. “खोडून चालत नाय, म्याडम. दुसरं लिवावं लागतं. तवा माजी छाती झाली नाय.”

२२ जानेवारी
तिच्याबरोबर धावणाऱ्या प्रियाचं नाव लिहायला बसले. ‘प्रि’ लिहिलं. खिडकीतून तिची आई दिसली— लेकीचा डबा घेऊन उभी. खोडलं.
अक्षू आता हाक मारत नाही. ओठ फुटलेत. देवा, माझं पोर—

२३ जानेवारी
पाचवा दिवस. ती पडते, उठते, पळते. ही डायरी आणि शर्यतींची वही घेऊन आठव्या लेनवर आले. नवं पान. लिहिलं: ज्ञानेश्वरी. माझं नाव.

अक्षू थांबली. बसली. पाणी मागतेय— काकांनी दिलं—
चप्पल कधी काढली मी?
तळव्यांना ओलं, खरखरीत—
काका, अक्षूला घरी न्या, तिला बघू देऊ नका, ही डायरी धरा, मला—