सुमनताईंनी न वाचलेली ओळ

ता. १० सप्टेंबर
आज टावर चौकातली पाटी वाचली! सगळी, न अडखळता. साड्यांच्या दुकानाची होती. ईरा म्हणे, "आजी, तू पास." दुसरीत शाळा सुटली ती सुटली, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी नातच मास्तरीण मिळाली. साडी काही घेतली नाही, सगळे रंग भडक.

ता. १३ सप्टेंबर
शेजारच्या सुमनताईंचं पर्युषण चाललंय. एक वेळ जेवतात, तरी जिना माझ्याआधी चढतात. बारामतीच्या जैन, त्यामुळे मराठी अगदी आपलं. पर्युषण संपलं की दरवर्षी दारात येऊन हात जोडतात — "रजनीताई, कळत नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा." मी हसते. तुमचं काय चुकणार, म्हणते, आणि हातावर लाडू ठेवते.

माहेरची पत्रं त्यांनीच वाचून दाखवली मला. आमचे हे, म्हणजे अण्णा, उभ्याउभ्या वाचायचे — सगळे ठीक आहेत, झालं. सुमनताई कशा, 'चिरंजीव'पासून सुरू.

उद्या पत्रांचा डबा काढते. आता माझी मी वाचीन.

ता. १५ सप्टेंबर
आईचं शेवटचं पत्र. दादाच्या अक्षरातलं. माझा हर्षल दहावीला होता त्या फेब्रुवारीचं. गाय व्याली, आंब्याला मोहोर आला — सगळं पाठ होतं मला. पण मध्येच एक ओळ. 'रजनीला म्हणावं एकदा येऊन जा, माझे फार दिवस नाहीत.'

बोट ठेवून तीनदा वाचली. ईराकडून वाचून घेतली. तेच.

सुमनताईंनी ही ओळ वाचलीच नव्हती. आई मार्चात गेली. आणि मी एकतीस वर्षं आईवर रुसलेली — शेवटी मला बोलावलंसुद्धा नाही म्हणून.

ता. १८ सप्टेंबर
आल्या. हात जोडले. तेच, कळत नकळत. मी पत्र पुढे केलं.

"हे नकळत?"

उंबऱ्यातच बसल्या. म्हणाल्या, "नाही. कळून. दरवर्षी याचीच क्षमा मागत होते."

म्हणजे मी दरवर्षी देऊन बसले, कशाची ते न विचारता. वर लाडू!

"का गाळलीत?"

पत्र माझ्या हातात परत दिलं आणि उठून उंबऱ्याबाहेर झाल्या.

"यंदा नाही देत," म्हटलं आणि दार लावलं.

संध्याकाळी ईरा सांगत आली — सुमनआजींचा कालचा उपास, आज पारणंच केलं नाही. बसू देत.

ता. १९ सप्टेंबर
हर्षलला सगळं सांगितलं. मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "आई, त्यांना कशाला बोलतेस? अण्णांनीच सांगितलं होतं गाळायला. 'पोराची बोर्डाची परीक्षा, ही आत्ता गेली तर घर कोण बघणार?' मी तिथेच उभा होतो."

यांना जाऊन सात वर्षं झाली. एकदा बोलले नाहीत.

तशीच शेजारी गेले. सुमनताई म्हणाल्या, "अण्णांना शब्द दिला होता. पण गाळली मीच ना." या वेळी मी आधी हात जोडले. माझ्या हातून मुगाचं पाणी घेतलं त्यांनी.

ता. २० सप्टेंबर
हर्षलनं दोनदा चहा मागितला. एकतीस वर्षं आईबद्दलचं माझं गाऱ्हाणं ऐकत होता हा. म्हटलं, तूपण तिथेच होतास. स्वयंपाकघराच्या दारात उभा आहे. तोंडानं म्हणतोय, "सॉरी ना, आई."

कशाबद्दल, विचारलंय. चहा न ठेवता बसलेय.