तिला अजून एक चक्कर

बाबा, "तिचा आवाज थरथरून राहिला, तू चूप बस," असं तुम्ही मला म्हणाला होता. बारावीत तालुक्यात पहिली आल्याचं सांगायला मी लाखनीहून बसनं थेट तुमच्या विमानतळाच्या टॉवरवर आले होते, हातात तुमचा डबा. शेतांत जाळलेल्या धानाच्या तणसाच्या धुरानं आभाळ मळलेलं. रेडिओवर एक शिकाऊ वैमानिक मुलगी, पहिल्यांदाच एकटी उडतेय आणि तिला धावपट्टी दिसत नाहीये. आणखी एक लहान विमान तलावावर घिरट्या घालतंय. तुम्ही सांगितलेली उंची वैमानिकानं जशीच्या तशी परत म्हणायची, हा तुमच्या कामाचा नियम. तिनं चुकून त्या दुसऱ्या विमानाचीच उंची म्हटली. तुम्ही मात्र ठरीव इंग्रजी सोडून हळूच म्हणालात, "घाई नाही, बेटा. फिरसे बोल."

घरी मी एकदा काही विसरले की तुम्ही ओरडायचात, "कानात बोळे कोंबले काय वं?" बेटा हा शब्द तुमच्याजवळ आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

ती उतरली. तुम्ही घाम पुसून विचारलंत, "काय म्हणत होतीस?" मी म्हणाले, "काही नाही. जेवून घ्या." माझा निकाल तुम्हाला संध्याकाळी पानठेल्यावर कुणीतरी सांगितला.

गेल्या आठवड्यात ती घरी आली होती. आता तीच मुलांना विमान शिकवते. तुमच्या फोटोसमोर रडली. म्हणाली, "ताई, सर कधी रागावलेच नाहीत माझ्यावर." आई हसली, "घरी तं तुमच्या सरचा आवाज आला का भांडे थरथरत, बाई!" दोघी हसल्या. मला तिच्या रडण्याचासुद्धा हेवा वाटला. माझ्या वडिलांसाठी तिनं माझ्यापेक्षा जास्त का रडावं?

तुम्ही बरोबर होता, हे मला कळतं. माझं एक वाक्य मध्ये आलं असतं तर दोन विमानं एकमेकांवर आली असती. पण कळल्यानं हेवा जात नाही. हे कुठं ठेवायला जागा नाही, म्हणून तुम्हाला सांगते. चहा देताना मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या दिवशी इंधन किती उरलं होतं? भरपूर होतं म्हणाली.

मग बाबा, उतरायच्या आधी तिला अजून एक चक्कर मारायला सांगा, आणि तेवढ्यात माझं ऐकून घ्या. तरी तुम्ही नाहीच म्हणाल.