उत्तर पाच शे

अक्का, सकाळपासून तिसऱ्यांदा लिहायला बसले आहे. दोनदा उठून गॅस बंद आहे ना ते पाहून आले, एकदा उगाच खिडकी पुसली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता कसलं पत्र. पण ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगून कळायचीच नाही.

तेव्हा मी पाचवीत, सोनगीरहून एसटीनं धुळ्याच्या शाळेत येणारी. गणिताच्या सरांनी विचारलं, पंचेचाळीस भागिले नऊ किती? मी उभी राहून म्हणाले, "पाच शे." आमच्या घरी 'आहे'ला 'शे'च म्हणायचे, मी आपली सांगत होते, उत्तर पाच आहे. सर म्हणाले, "पाचशे? पंचेचाळीसचे वाटे केले आणि पाचशे झाले?" अख्खा वर्ग हसला. मला वाटलं, आपलं गणितच चुकलं. त्यानंतर त्या तासाला मी तोंड उघडलं नाही आणि सहामाहीत नापास झाले. मग वडिलांनी मला तुमच्याकडे आणून सोडलं. शाळेतून निवृत्त झाल्यावर तुम्ही घरी शिकवायचात, तेही एका वेळी एकच पोर घेऊन. दोन घ्या म्हणणाऱ्या आईबापांना तुम्ही सरळ वाटेला लावायचात.

तुम्ही स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसला आहात. पंचेचाळीस शेंगा माझ्यापुढे ओतता, नऊ जणांत सारख्या वाटायला सांगता. मी वाटते. किती? मी शेंगाच पुन्हा मोजत बसते. "बोल ना वं, आठे कोन शे हसाले?" इथं तर आपण दोघीच. मी पुटपुटते, "पाच शे." तुमचा अंगठा शेंगेवरच थांबतो. तुम्ही मला पुन्हा म्हणायला लावता आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसता. "अवं, तुनं उत्तर बराबर शे! पयलेपासून बराबर शे!" मी भोकाड पसरलं होतं. वर्गात महिनोन्‌महिने जे कुणाला ऐकू आलं नाही ते तुम्हाला एका दुपारी ऐकू आलं, कारण समोर मी एकटीच होते.

माझ्या खऱ्या चुकाही तुम्हीच शोधल्यात. एकोणसाठ म्हटलं की मी ६९ लिहायचे. "साठमाईन एक काढ," म्हणून तुम्ही तो शब्दच सोलून दाखवलात. पुढं मी पाटीऐवजी तुमच्या चेहऱ्यावरून उत्तर ताडायला लागले, तेव्हा केवढ्या ओरडलात, "उत्तर मना तोंडवर लिखेल शे का?" दुसऱ्या दिवसापासून तुम्ही माझ्याकडे पाठ करून भाकरी थापायचात आणि मी मोठ्यानं बोलत गणित सोडवायचे. जिथं अडखळायचे तिथं तुमचा हात थांबायचा.

आता जळगावात माझा क्लास आहे. एका बॅचला साठ मुलं, कॉलरला माइक. जूनमध्ये एरंडोलकडच्या खेड्यातली सहावीची एक मुलगी आली. मी विचारलं, बाराचा चौथा भाग किती? ती म्हणाली, "तीन शे." माइकवर मी म्हणाले, "तीनशे? अगं, बारा कुठं, तीनशे कुठं!" सगळे हसले. मीही हसले. ती यायची बंद झाली. पंधरा दिवसांनी तिची आई दारात. "मॅडम, पोरगी गणितनं नाव काढं का रडस. तुम्ही तिले एकटीले शिकाडशात का?"

तेव्हापासून दर रविवारी दहाला ती माझ्या स्वयंपाकघरात असते. मी पाठ करून कणीक मळते, ती मोठ्यानं बोलत गणित सोडवते. गुणाकार, भागाकार चोख आहेत तिचे. फक्त आठ मोठा म्हणून एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा, असं धरून बसली होती. पोळीचे तुकडे करून दाखवले, तिचं तिलाच हसू आलं. साठजणांत मला हे जन्मात कळलं नसतं. आता शाळेत हात वर करते म्हणे. आई खूश आहे. पण प्रत्येक उत्तराच्या आधी ती क्षणभर थांबते आणि जपून म्हणते, "तीन आहे." त्या थांबण्यानं मला आठवडाभर चैन पडत नाही.

कारण अक्का, त्या दिवशी मला 'तीनशे' ऐकू आलंच नव्हतं. पहिल्या झटक्यात बरोबर ऐकू आलं होतं, तुम्हाला आलं तसंच. "बराबर शे" म्हटलं असतं तर साठ तोंडं माझ्याकडे वळली असती. म्हणून मी हसले.

दहा वाजत आले. हा कागद पिठाच्या डब्याखाली सरकवते, ती आज यायच्या आत. गेल्या रविवारी वही मिटताना तिनं विचारलं होतं, "मॅडम, तुमचं गाव कोणतं?" मी पाठमोरीच होते. कणकेतला हात न थांबवता मी म्हणाले, "जळगाव."