घसा कधी दुखला ते सांगा

नातीले ताप आला होता, हे तुमी सगळ्यांपासून काऊन लपवलं?

हिमांशूच्या बाबाले रुख्माचा नागपूरच्या दवाखान्यातून नमस्कार. मी बरी हाय. आचल दोन घास खाऊन राहिली. म्हैस दूध देते का?

पोरगी अजून हात धुते. सालटं निघाली तरी धुते. मंग बादलीकडं बोट दाखवते, "आजी, पाणी माह्याकडं पाहून राहिलं." मी आता बादली झाकूनच ठेवून राहिली.

डॉक्टरीण म्हणे, घसा सुजून ताप येते, उतरते, अन् मंग एखाद्या लेकराच्या अंगातलं रक्त त्याच्याच मेंदूवर उलटते. तिनं इचारलं, "आधी घसा दुखला होता का?" सून म्हणाली, नाही.

काल आचलनंच मले सांगतलं. चोरखमाऱ्याच्या तलावात तुमी तिले उतरवलं. घसा दुखून ताप आला, तर तलावातलं काही लागलं समजून चोरून पुजाऱ्याकडं नेलं. पुजारी काय म्हणला ते मले सांगू नका.

घसा कोणत्या दिवशी दुखला, ते डॉक्टरणीले पाहिजे. त्यावरून दवा ठरवतील.

चिठ्ठी डिंकानं चिकटवून हिमांशूजवळ देऊन राहिली. उत्तर त्याच्या हाती धाडू नका. उद्या सकाळच्या गाडीनं या अन् पोरीच्या मायसमोर तुमच्याच तोंडानं सांगा.

रुख्मा