रिकाम्या बाटल्यांबद्दल

प्रिय चिंगे,

हे पत्र तुझ्या हातात ठेवण्याआधी आमच्या लेकीने तुझ्या ओट्यावरची काढ्याची बाटली उचलून आपल्या पिशवीत टाकली असेल, आणि तू कारण विचारलंस तर नुसतीच मान हलवली असेल. तिला रागावू नकोस. मीच तसं बजावून पाठवलंय. सुजलेला पाय उशीवर घे, चष्मा शोध (डोक्यावरच असेल) आणि हे शेवटपर्यंत वाच. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस आणि हे अर्धवट ऐकून चालण्यासारखं नाही.

आधी तुझ्या दादाची खुशाली. तो बरा आहे, अगदी खरं सांगते. आत्ता मागच्या शेडमध्ये कुणाच्या तरी स्कूटरशी भांडतोय. बसडेपोतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी हाताला ग्रीस लागल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. जित्याची खोड, दुसरं काय. मी इकडे खिडकीशी पडदे शिवत बसते, तो तिकडे ठोकाठोकी करतो, आणि दुपारी घर शांत झालं की त्याच्या छातीतली ती धातूची झडप टिकटिकताना ऐकू येते. पहिले काही दिवस त्या आवाजाने माझी झोप उडायची. आता तो आवाज आला नाही तर उडेल.

झडप बसवली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की आता रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर घ्यायची, नाहीतर झडपेवर गुठळी धरेल आणि ती मेंदूकडे गेली की संपलं. शिवाय ठरावीक दिवसांनी रक्त तपासायचं, कारण ते फार पातळ झालं तरी धोका आणि फार घट्ट झालं तरी धोका. दुसऱ्या कुणाला हे समजायला वेळ लागला असता. तुझ्या दादाला लगेच समजलं, आणि तिथेच घोटाळा झाला. त्याने आयुष्यभर इंजिनं उघडली. ऑइल उन्हाळ्यात आपोआप पातळ होतं आणि थंडीत घट्ट होतं, हे त्याला पाठ. मग पहिल्याच उन्हाळ्यात या शहाण्याने कुणाला न विचारता गोळी अर्धी केली. ऊन आहे, रक्त आपसूक पातळ राहील, उगाच कशाला जास्त. तपासणीत रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आकडा घसरलेला दिसला तेव्हा हे तत्त्वज्ञान बाहेर आलं. डॉक्टरीणबाई लेकीच्या वयाच्या, पण त्यांनी त्याला चांगलंच झापलं. तुला हा किस्सा त्यानेच रंगवून सांगितला होता, आणि तू हसून हसून बेजार झाली होतीस. पुढचा मात्र आम्ही तुला सांगितला नाही.

गेल्या वर्षी तू यायचं म्हणत होतीस आणि आम्ही घराला रंग काढलाय म्हणून तुला थांबवलं, आठवतं? रंगबिंग काही नव्हता. त्याची सुरुवात हिरड्यांपासून झाली. दात घासताना रक्त यायचं, तो म्हणायचा ब्रश कडक आहे. मग दाढी करताना कापलं ते थांबेना. हनुवटीला कापूस लावून तो शेडमध्ये गेला आणि दुपारी जेवायला आला तेव्हा कापूस लालच होता. दंडावर तळहाताएवढं काळंनिळं, आणि कुठे आपटलं ते आठवत नाही. तो म्हणाला, स्पॅनर निसटला असेल. एका सकाळी त्याच्या पांढऱ्या शर्टाचं बटण लावायला मी त्याला खिडकीशी उभं केलं. तुला माहीत आहे, मी दोऱ्याचा रंग कधी ट्यूबच्या उजेडात जुळवत नाही, दिवसाच्या उजेडातच बघते. कॉलर पांढरी होती आणि डोळ्यांतलं पांढरं पिवळं होतं. दोन पांढरे जुळत नव्हते. मी सुई तशीच कॉलरमध्ये ठेवली आणि लेकीला फोन केला.

त्याच दिवशी त्याला दाखल केलं. कावीळ होती, यकृताला सूज होती आणि रक्त इतकं पातळ झालं होतं की सुई टोचलेल्या जागेवरून नर्सला हात काढता येईना. इकडे आड आणि तिकडे विहीर, अशी अवस्था. गोळी चालू ठेवली तर आतून कुठेतरी रक्त वाहील आणि मेंदूत वाहिलं तर माणूस हातचा जाईल. गोळी बंद ठेवली तर झडप धोक्यात. डॉक्टरीणबाईंनी गोळी थांबवली, रक्त जरा घट्ट व्हायला औषध दिलं, आणि मग आम्ही सगळे त्या टिकटिकीकडे कान लावून बसलो. मी फार घाबरले होते, चिंगे. तुझ्यापाशी ते लपवलं, आता लिहिते.

तिथेही तुझ्या दादाने बाईंना यकृत म्हणजे फिल्टर असं समजावून सांगायला कमी केलं नाही. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, काका, ते नुसतं फिल्टर नाही, तो कारखाना पण आहे. रक्त गोठायला जे सामान लागतं ते तिथेच तयार होतं, आणि तुमच्या गोळीचा निचराही तिथेच होतो. कारखाना आजारी पडला की सामान कमी निघतं आणि गोळी अंगात साचत जाते. तीच गोळी, तेवढीच, पण दुपटीने घेतल्यासारखी लागते. हे त्याला पटलं. पण कारखाना बिघडला कशाने, ते कळेना. दारूला हा माणूस शिवत नाही. व्हायरसच्या तपासण्या झाल्या, त्या स्वच्छ निघाल्या. गोळीवरच संशय होता, पण ती इतकी वर्षं नीट चालली होती. बाई रोज विचारायच्या, काका, दुसरं काही औषध घेता का? आणि तो रोज सांगायचा, नाही.

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी ते औषध नव्हतंच. ते चिंगीने पाठवलेलं होतं.

तू काढा कधीपासून करायला लागलीस ते मला नीट आठवतं. भावोजींच्या शेवटच्या महिन्यांत कुणा वैद्याने तुला साली आणि मुळं लिहून दिली होती. त्यांचं यकृत तेव्हा डॉक्टरांच्या हाताबाहेर गेलेलं होतं, पण पहिल्या बाटलीनंतर ते दोन दिवस पोटभर जेवले आणि तुझ्या मनाने घेतलं की हे आधी मिळालं असतं तर आपला नवरा वाचला असता. ते गेल्यावर घर खायला उठलं तेव्हा तू दादासाठी काढा उकळायला लागलीस. दर महिन्याला तुमच्या गावच्या गाडीचा ड्रायव्हर, दादाच्या हाताखाली शिकलेला, जाड काचेच्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून आणायचा आणि रिकाम्या परत न्यायचा. रिकाम्या पोचल्या की तुझा फोन यायचा, आणि त्या दिवशी तुझा आवाज वेगळा असायचा. तुझ्या दादाने तर आपलं इंजिनाचं डोकं चालवून सोय लावली होती. ऑइलला हात लावला की फिल्टरकडेही बघायचं, म्हणून गोळी रात्री आणि काढा सकाळी. उत्साहाच्या भरात तो एका कपाचे दोन कप घ्यायला लागला होता, हे मलाही नंतर कळलं.

बाटली मी नेली. तो कपाळाला आठ्या घालून बघत राहिला, पण मी ती डब्याच्या पिशवीतून नेली आणि बाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वास घेतला, त्यात काय काय आहे ते विचारलं. मला निम्मंच सांगता आलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते, वाढवून नाही आणि कमी करूनही नाही. त्या म्हणाल्या की यानेच झालं असं शपथेवर सांगता येणार नाही, पण काही झाडपाल्याने यकृताला सूज येते आणि काहींनी या गोळीचा जोर वाढतो, आणि या बाटलीत काय आणि किती हे कुणालाच माहीत नाही, म्हणून हे बंद. बंद केलं. हळूहळू डोळे निवळले, आकडे उतरले, मग रोज रक्त तपासत गोळी थोडी थोडी पुन्हा सुरू केली. आता सगळं जागेवर आहे. एवढ्यावरून मला जे समजायचं ते समजलं, आणि तुलाही समजलं असेल. आपलेच दात आणि आपलेच ओठ, काय बोलायचं.

आता एक गोष्ट इथेच लिहून टाकते, कारण तुझं मन आत्ता कुठे धावलं असेल ते मला माहीत आहे. भावोजींचे जुने कागद लेकीकडे होते, ते मी बाईंना मुद्दाम दाखवले. त्यांचा आजार तुझ्या पहिल्या बाटलीच्या कितीतरी आधी शेवटाला आला होता, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. तू त्यांना काही केलं नाहीस. हे वाक्य दोनदा वाच, आणि उद्या पुन्हा वाटलं तर पुन्हा वाच.

घरी आल्यावर मी म्हटलं की चिंगीला सांगून टाकू. तुझ्या दादाने मला शपथ घातली. म्हणाला, भावोजी गेल्यावर तिच्या हाताला तेवढंच काम उरलंय, ते काढून घ्यायचं नाही. बाटल्या येतील, येऊ देत. त्या येत राहिल्या आणि तो रोज सकाळी कप भरायचा, मागच्या मोरीपाशी जायचा आणि ओतून यायचा. एकदम बाटली उपडी करायला मी सांगितलं तर ते त्याला जमेना. रोज एक कप, पूर्वी प्यायचा त्याच वेळेला. ओतण्याआधी एकदा वास घ्यायचा. महिना संपला की बाटल्या गरम पाण्याने विसळून, उन्हात वाळवून, त्याच फडक्यात बांधून ड्रायव्हरकडे द्यायचा. तुला वाटायचं, दादा सगळा काढा पितो. आम्हाला वाटायचं, यात कुणाचं काय बिघडतंय.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. तू मजेत सांगत होतीस की पायाचं प्लास्टर काढल्यावर पोटरीत गुठळी निघाली, डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी चालू केली, आता आपण दोघं भावंडं एका गोळीवर. आणि मग म्हणालीस, मला कसली भीती, दादा एवढी वर्षं गोळीवर काढा घेतोय, त्याला काही झालं का, मीही दोन्ही वेळा काढा घेते. त्याने फोन ठेवला. त्या रिकाम्या बाटल्यांवर तू विसंबली होतीस. मग मला म्हणाला, शपथ सुटली, तू लिही, माझ्याच्याने लिहवणार नाही. म्हणून हे पत्र. आता काढ्याचा एक थेंबही घेऊ नकोस, गोळी मनाने बंद किंवा कमी करू नकोस, आणि पत्र मिटलं की लेकीबरोबर तशीच ऊठ. ती तुला तुझ्या डॉक्टरांकडे नेईल, ती बाटलीही नेईल, आणि रक्ताची आणि यकृताची तपासणी आजच होईल. हिरड्या, अंगावरचे डाग, लघवीचा रंग, जे असेल ते खरं सांग. पाय बरा झाला की इकडे ये. दादा म्हणतो, तपासणीच्या रांगेत त्याला सोबत होईल. हाताला काम हवं असेल तर माझ्याकडे पडद्यांच्या दुमडी घालायच्या पडल्यात, आणि तू टाके माझ्यापेक्षा सरळ घालतेस. लेकीच्या पिशवीत तळाशी तुला या महिन्याच्या दोन बाटल्या मिळतील. या वेळी त्या भरलेल्याच परत पाठवतोय. तू स्वतःच्या हाताने ओत. आता माझ्याच्याने ओतवत नाही, असं तुझ्या दादाने लिहायला सांगितलंय.

तुझीच,
वहिनी